तयार पाठ आणि आपल्या मुलखाचा इतिहास

महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा, देणगीदारांविषयीची कृतज्ञता आणि थोरामोठ्यांचे आशीर्वाद इतरत्र आलेच आहेत. आम्ही येथे सभासद बंधुभगिनींचे लक्ष निराळ्याच, पण घरोघरच्या मुलामुलींशी संबंध असलेल्या एका विषयाकडे वेधू इच्छितो. माध्यमिक शाळेत इतिहास शिकविण्यासाठी हल्ली तयार पाठ पुष्कळ मिळतात. ते घ्यावेत की नाही, घेतल्यास कसे वापरावेत, आणि पांढुर्णा-सौंसरच्या मुलांसाठी त्यांत आपल्या पदरचे काय घालावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तयार पाठ म्हणजे काय?

शिक्षकाने वर्गात जाण्यापूर्वी पाठाचे टाचण काढावे, हा शिरस्ता जुना आहे. त्याचे मूळ जर्मन विचारवंत हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्याच्या विचारात आणि त्याच्या शिष्यांनी त्या विचारावरून बसविलेल्या पाच पायऱ्यांत आहे. मुलांच्या मनाची पूर्वतयारी, नवा भाग मांडणे, जुन्याशी तुलना, त्यातून सामान्य नियम आणि शेवटी उपयोजन, अशा त्या पाच पायऱ्या होत. आपल्याकडील अध्यापक विद्यालयांत ‘हर्बार्टची पंचपदी’ पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली. जुन्या शिक्षकांच्या वह्यांत उद्देश, पूर्वज्ञान, प्रश्न, फलकलेखन, स्वाध्याय असे रकाने दिसतात, ते त्याच वळणाचे.

तयार पाठ म्हणजे असे टाचण, जे दुसऱ्याच कोणी विचारपूर्वक करून ठेवले आहे. त्यात प्रश्न असतात, नकाशा असतो, चित्रे असतात, गृहपाठही असतो. पूर्वी हे मार्गदर्शक पुस्तकांतून मिळे. आता केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘दीक्षा’ ह्या व्यासपीठावर आणि इतरत्र ते भ्रमणध्वनीवरही उघडता येते.

‘आयते घेणारा शिक्षक आळशी’ असे म्हणण्याची एक रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. लहान गावच्या शाळेत एकाच शिक्षकाकडे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि कधीकधी हिंदीसुद्धा असते. दिवसाला पाच-सहा तासिका घेणाऱ्या माणसाने प्रत्येक पाठ मुळापासून रचावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी फळ्यासमोर कधी उभे राहून पाहिलेले नसते. गिरणीतून दळून आणलेले पीठ घेतले म्हणून गृहिणीची भाकरी कमअस्सल होत नाही. मात्र पीठ मळावे लागते, भाकरी थापावी लागते, आणि तव्याजवळ उभे राहावे लागते ते तिलाच.

चांगल्या तयार पाठाची लक्षणे

सगळेच तयार पाठ सारखे नसतात. ज्यात फक्त उत्तरे पाठ करावयास दिलेली असतात, तो पाठ नसून परीक्षेचा खुराक होय. चांगल्या पाठाची कसोटी अशी, की त्याच्या मध्यभागी एक खरा प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी पुराव्यावरून शोधावयाचे असते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग ह्या प्राध्यापकांच्या गटाने अशा पाठांची एक मालिका तयार करून ती शिक्षकांस विनामूल्य दिली. प्रत्येक पाठात एक प्रश्न, थोडी पार्श्वभूमी, आणि मुलांना वाचता येईल अशा सोप्या भाषेत केलेले काही मूळ कागद: पत्र, बातमी, भाषण, हुकूम. हे कागद एकमेकांशी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि मौज तेथेच सुरू होते. हा कागद कोणी लिहिला? केव्हा लिहिला? त्याचा त्यात काय स्वार्थ? दुसरा कागद काय म्हणतो? सॅन फ्रान्सिस्को शहरातील पाच सरकारी माध्यमिक शाळांत २००८ साली ह्या पाठांची परीक्षा घेण्यात आली. सहा महिन्यांनंतर ह्या पाठांनी शिकलेली मुले ऐतिहासिक विचारात तर पुढे गेलीच, पण साधी माहिती लक्षात ठेवण्यात आणि वाचनातही ती इतरांहून सरस ठरली. म्हणजे विचार करावयास शिकविल्याने सनावळी मागे पडते, ही भीती खोटी ठरली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सातपुड्याच्या पलीकडे १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. तिने १९८६ पासून मध्य प्रदेशातील मोजक्या सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या सामाजिक अध्ययनाचा प्रयोग केला. गोष्टीच्या रूपाने मांडलेले प्रसंग, चित्रांवरून प्रश्न, आपल्या गावाशी तुलना करावयास लावणारे स्वाध्याय, आणि पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा, असे त्याचे स्वरूप होते. २००२ साली शासनाने तो प्रयोग शाळांतून थांबविला. पण आपल्याच राज्यातील, आपल्यासारख्याच खेड्यांतील मुले विचार करून इतिहास शिकू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

आपल्या मुलांची अडचण

आता आपल्या घरचा प्रश्न. पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही तहसिली २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. येथे घरात मराठी, बाजारात मराठी, पोळ्याला आणि गणपतीला मराठी. शाळेचे पुस्तक मात्र बहुतेकांचे हिंदी. भोपाळ किंवा दिल्लीहून आलेला तयार पाठ नर्मदा, माळवा आणि बुंदेलखंड जाणतो. मराठीत मिळणारा तयार पाठ पुण्याहून येतो. तो सह्याद्री जाणतो आणि महाराष्ट्राच्या शिवेवर येऊन थांबतो. मधल्या मुलखातील मूल दोन्ही पाठांत स्वतःला शोधते, आणि ते त्याला कोठेच सापडत नाही.

ह्याचा परिणाम साधा नाही. इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या गावी घडलेली हकिकत, असा ग्रह होतो. आपला मुलूख म्हणजे कोणाच्या तरी नकाशाची कड, ही समजूत मुलाच्या मनात घट्ट होते. वस्तुस्थिती उलट आहे. ज्या नागपूरकडे आपण शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी आणि संत्र्यांच्या भावासाठी पाहतो, ते शहर १७०२ साली वसविले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. आणि तो देवगड किल्ला आहे छिंदवाडा जिल्ह्यात. आपल्या डोंगरातला राजा खाली उतरला आणि त्याने नागपूर वसविले, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

म्हणून आमचे सांगणे असे: तयार पाठ अवश्य घ्यावा, पण त्यात आपल्या मुलखाचा निदान एक पुरावा बसवावा. संत्र्याच्या बागाईतदारांस हे समजावून सांगावयास नको. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा चांगल्या झाडाचा, बाहेरून आणलेला चालतो. खुंट मात्र आपल्या मातीत रुजलेला असावा लागतो. ह्याचे तीन नमुने पुढे देतो.

पहिला नमुना: कोष्टकातील एक ओळ

आठवी-नववीच्या वर्गात डलहौसीचे खालसा धोरण शिकवितात. तयार पाठात एक कोष्टक असते: सातारा १८४८, झांशी १८५४ वगैरे. त्यातच नागपूरची एक ओळ असते. शिक्षक ती वाचतो आणि पुढे जातो. पण आपल्या मुलांच्या पूर्वजांचे राज्य गेले, ते ह्याच ओळीत!

ह्या ओळीवर एक तासिका सहज उभी राहते. काही पुस्तकांत नागपूरपुढे १८५३ लिहिलेले असते, काहींत १८५४. मुलांपुढे दोन्ही पुस्तके ठेवावीत आणि विचारावे, ‘खरे कोणते?’ मग माहिती द्यावी. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. राण्यांनी दत्तक पुढे केला, तो कंपनी सरकारने मानला नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. एक पुस्तक राजाच्या मृत्यूचे वर्ष देते, दुसरे हुकुमाचे. सन ही पाठ करण्याची वस्तू आहे तशीच ती तपासण्याचीही आहे, हे मुलाच्या आपोआप ध्यानात येते.

त्यानंतर दुसरा प्रश्न: ह्याने आपल्या तहसिलीत काय बदलले? खालसा झालेल्या मुलखाचा नागपूर प्रांत झाला आणि छिंदवाडा हा त्यातला एक जिल्हा ठरला. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनविण्यात आला. पुढील जमाबंदीत गावच्या मालगुजारांस जमिनीचे मालकी हक्क देण्यात आले. ते हक्क मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, संपुष्टात आले. ज्या घरात मालगुजारीच्या जुन्या पावत्या असतील, किंवा ‘आमचे पणजोबा कुळ होते’ अशी आठवण असेल, त्या घरातील मुलास हा पाठ परका वाटणार नाही.

नकाशाची एक जोड द्यावी. शेजारचा बैतूल-मुलताईचा मुलूख १८१८ च्या युद्धानंतरच इंग्रजांकडे गेला होता. आपला मात्र आणखी छत्तीस वर्षे भोसल्यांकडे राहिला. पांढुर्णा आणि मुलताई ही शेजारची गावे, पण त्यांवरचे राज्य वेगळे. शीव कशी पडते आणि कशी सरकते, हे ह्याहून चांगले कोणत्या पाठात दिसेल?

दुसरा नमुना: १९५६ ची शीव

भाषावार प्रांतरचना हा विषय तयार पाठांत असतो. पोट्टी श्रीरामुलूंचे १९५२ मधील उपोषण आणि बलिदान, आंध्र राज्याची १९५३ मधील स्थापना, मग आयोग, आणि १ नोव्हेंबर १९५६. आपल्या वर्गासाठी ह्या पाठाच्या मध्यभागी असा प्रश्न ठेवावा: ‘मराठी बोलणारी सौंसर तहसील मध्य प्रदेशात का राहिली?’

प्रश्न जवळचा आहे, म्हणून तो भावनेने नव्हे, कागदाने सोडवावा. पहिला पुरावा भूगोलाचा. छिंदवाड्याचे पठार घाटावर, तर सौंसर-पांढुर्ण्याचा सखल भाग घाटाखाली, नागपूरच्या मैदानाला लागून. जुने लोक ह्या भागाला जेरघाट म्हणत, म्हणजे घाटाखालचा मुलूख. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीतच होते. दुसरा पुरावा कारभाराचा. इंग्रजी अमदानीत छिंदवाडा जिल्हा नागपूर विभागात न राहता नर्मदा विभागात, होशंगाबाद आणि नरसिंहपूर ह्यांच्याबरोबर घालण्यात आला होता. तिसरा पुरावा आयोगाचा. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि क. मा. पणिक्कर ह्यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. भाषा ही एकच कसोटी मानू नये, आणि सामान्यतः जिल्हा हा घटक धरावा, असा त्याचा कल होता. आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस त्याने केली. त्या आठांत छिंदवाडा नव्हता. पुढे ते आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले.

तीन पुरावे एकत्र ठेवले की मुले स्वतःच सांगू लागतात. जिल्ह्याचा मोठा भाग घाटावरचा आणि हिंदी बोलणारा होता. घटक जिल्हा धरला, म्हणून तहसील जिल्ह्याबरोबर गेली. गाव किंवा तहसील हा घटक धरला असता तर उत्तर निराळे आले असते काय? येथे वर्गात दोन पक्ष पडू द्यावेत आणि प्रत्येकास पुरावा मागावा. ह्यातून कोणाविषयी अढी निर्माण करावयाची नाही. शासनाचा निर्णय म्हणजे आकाशातून पडलेली गोष्ट नसून माणसांनी काही नियम धरून घेतलेला असतो, आणि नियम बदलला की रेषा बदलते, एवढे नागरिकास कळले पाहिजे.

एक गोष्ट मुलांना हमखास चमकवून सोडते. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरला सौंसरच्या माणसाची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, तेव्हा ती भोपाळ झाली होती. राज्याचे नाव तेच, मध्य प्रदेश. आणि हा माणूस आपल्या ओसरीवरून हललाही नव्हता.

तिसरा नमुना: गोटमारीच्या कथा

इतिहासाच्या पहिल्या धड्यात दंतकथा आणि पुरावा ह्यांतील भेद शिकवितात. त्यासाठी दूरचे उदाहरण कशाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव ह्यांच्यात गोटमार होते, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तिचा उगम सांगणाऱ्या कथाही घरात ऐकलेल्या असतात. एका कथेत पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीत दोघांवर दगड पडले. दुसऱ्या कथेत जाटबा राजाचे लोक आणि भोसल्यांची फौज ह्यांच्या लढाईत दगड चालले.

मुलांनी दोन्ही कथा लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीला प्रश्न विचारावेत. ही कथा कोणी सांगितली? त्यांनी कोणाकडून ऐकली? तीत सन आहे काय? दुसऱ्या कथेस कालरेषेवर बसवून पाहावे. देवगडचा राजा जाटबा अकबराच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला. भोसल्यांचा अंमल ह्या भागात आला अठराव्या शतकात. मग ह्या दोघांची लढाई कशी होईल? कथेतील जाटबा दुसरा कोणी असेल, की दोन वेगळ्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील? आठवी-नववीच्या मुलाने हा पेच स्वतः शोधला, तर पुराव्याची किंमत त्यास आयुष्यभर विसरता येणार नाही. शिवाय दरवर्षी ह्या दिवशी माणसे जखमी होतात, काही वेळा प्राणही गेले आहेत. परंपरेच्या नावावर काय चालू ठेवावे आणि काय बदलावे, ह्याचा विचार करणाऱ्यास परंपरेची कथा तपासता आली पाहिजे.

तासिकेची आखणी

हे सर्व करावयास वेळ कोठून आणावा, असा प्रश्न शिक्षक बंधू-भगिनी करतील. परीक्षेत देवगड विचारीत नाहीत, असे पालक म्हणतील. दोन्ही आक्षेप रास्त आहेत.

आमची सूचना माफक आहे. प्रत्येक पाठात नव्हे, तर महिन्यातून एकदा असा एक पाठ घ्यावा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत पहिली पाच मिनिटे प्रश्न मांडण्यात जावीत. दहा मिनिटांत तयार पाठातील पार्श्वभूमी सांगावी. पंधरा मिनिटे मुलांनी चार-चारांच्या गटात पुराव्याचे कागद वाचावेत. शेवटची दहा मिनिटे त्यांनी आपले उत्तर आणि त्याचा आधार सांगावा. शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘आम्ही काय म्हणतो’ आणि ‘कशावरून म्हणतो’. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पहिल्यातील वाक्य पुसून टाकावे. भाषेचीही अडचण मानू नये. पुस्तक हिंदी असले तरी गटातील चर्चा मराठीत होऊ द्यावी. उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहिता येते.

परीक्षेविषयी सांगावयाचे तर, ज्या मुलाने नागपूरच्या ओळीवर एक तास घालविला, तो खालसा धोरणावरचे उत्तर घोकंपट्टीशिवाय लिहील. नववीच्या पुस्तकात जंगल कायद्याचे प्रकरण बस्तर आणि जावा बेटाच्या उदाहरणांनी शिकविले गेले आहे. त्याला शेजारच्या बैतूल आणि सिवनीमधील १९३० च्या जंगल सत्याग्रहाची जोड दिली, सिवनीतील तुरिया येथे गोळीबारात चौघे मारले गेले हे सांगितले, की बस्तरही समजते आणि जावाही.

सभासदांस विनंती

शिक्षकाने प्रश्न काढावा, तयार पाठाने सांगाडा द्यावा. पण पुरावा मात्र आपणां सर्वांच्या घरातून यावयाचा आहे. माळ्यावरच्या पेटीत मोडीतील कागद, मालगुजारीच्या पावत्या, जुनी खरेदीखते, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, कापसाच्या किंवा संत्र्यांच्या व्यापाराच्या वह्या पडून असतात. घर पाडून नवे बांधताना त्या रद्दीत जातात. असे कागद कोणास देऊन टाकावेत, असे आम्ही म्हणत नाही. मूळ कागद घरीच ठेवावा, त्याचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि ते मुलांच्या शिक्षकास द्यावे. सोबत एका चिठ्ठीवर कागद कोठे सापडला, कोणाचा होता आणि साधारण कोणत्या सालचा आहे, एवढे लिहावे. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा चिकटवून बंद करू नये. त्याने तो खराब होतो. कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवावा.

कागदाहून अधिक घाई आहे ती माणसांची. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. राजधानी बदलली तेव्हा बाजारात लोक काय बोलले, शाळेची भाषा केव्हा बदलली, नागपूरची मालाची ये-जा कशी होती, हे सांगणारी माणसे आपल्या ओसरीवर अजून बसलेली आहेत. नातवंडांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, पाच प्रश्न विचारावेत आणि आजोबा-आजी जसे बोलतील तसेच, त्यांच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत, लिहून घ्यावे. शब्द सुधारण्याच्या भरीस पडू नये.

तयार पाठ भोपाळहून येईल, दिल्लीहून येईल, सातासमुद्रापलीकडूनही येईल. तो आनंदाने घ्यावा. त्यात सौंसरच्या आजीचे चार शब्द आणि पांढुर्ण्याच्या पेटीतील एक कागद बसविण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक कागद किंवा एक आठवण जरी शिक्षकांच्या हाती दिली, तरी पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी पाठ तयार होतील, आणि ते खऱ्या अर्थाने आपले असतील.